पाच फूट दहा इंचांचा क्वार्टरबॅक आणि चेंडू सुटण्याची वेळ

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाचे देतो आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही न्यू जर्सीत राहता. तुमचा मुलगा अकरावीत आहे, उंची पाच फूट दहा इंच, वजन १६५ पौंड, आणि तो शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू आहे. उन्हाळी शिबिरात एका प्रशिक्षकाने त्याला सांगितले की कॉलेजात खेळायचे असेल तर आत्ताच रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) हो, कारण या उंचीवरून मैदानाचा मधला भाग दिसत नाही आणि तुझ्या हातातही पुरेसा जोर नाही. मुलगा काइलर मरे आणि ब्राइस यंग या त्याच्याच उंचीच्या नामवंत क्वार्टरबॅकची नावे घेतो. तुम्हाला ते अपवाद वाटतात. उंची, हाताचा जोर आणि पास टाकण्याची पद्धत यांत खरे वजन कशाला, असे तुम्ही विचारले आहे.

मी ओहायोत गेली १८ वर्षे क्वार्टरबॅकना शिकवतो आहे, त्यांतली बारा शाळेच्या संघात आणि सहा एका लहान कॉलेजात. तुमच्या मुलाचा खेळ मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्याने काय करावे हे इथून ठामपणे सांगणे योग्य होणार नाही. तो अजून वाढेल का, त्याला कोणत्या दर्जाच्या कॉलेजात खेळायचे आहे, तिथला आक्रमणाचा आराखडा कसा आहे आणि तिथे नोव्हेंबरात हवा कशी असते, या सगळ्यांवर उत्तर बदलते. पण उंची आणि हात यांचा विचार कसा करावा हे मी सांगू शकतो. माझ्या मते या दोन्ही गोष्टींची किंमत एकाच मापाने करावी लागते: चेंडू योग्य वेळी, योग्य जागी पोहोचायला त्यांची किती मदत होते?

उंचीपासून सुरुवात करू. उंच क्वार्टरबॅकला लाइनमनच्या, म्हणजे पुढे उभे राहून त्याचे रक्षण करणाऱ्या फळीच्या डोक्यांवरून दिसते आणि ठेंगण्याला दिसत नाही, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. मोठ्या कॉलेजांत लाइनमन बहुतेक सहा फूट चार-पाच इंचांचे असतात आणि त्यांच्यासमोरचे बचावपटूही साधारण त्याच बांध्याचे. असा बचावपटू हात वर करतो तेव्हा त्याची बोटे आठ फुटांच्या वर जातात. सहा फूट पाच इंचांचा क्वार्टरबॅकसुद्धा चेंडू सोडतो तो साधारण सात फुटांवरून, म्हणजे जवळ येऊन ठेपलेल्या वर केलेल्या हातावरून सरळ पास टाकणे त्यालाही जमत नाही. त्यामुळे उंच असो की ठेंगणा, प्रत्येकाला माणसांमधल्या फटींतूनच चेंडू काढावा लागतो. उंच मुलाला त्या फटी उभ्या जागी दिसतात. ठेंगण्याला त्यासाठी पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनमननी राखलेल्या जागेत पाऊलभर सरकावे लागते, आणि त्या एका पावलाला वेळ लागतो. उंचीचा खरा फायदा एवढाच, आणि तो लहान नाही.

चेंडू सुटण्याची उंची केवळ शरीराच्या उंचीवर ठरत नाही, हेही ध्यानात घ्या. फिलिप रिव्हर्स नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून खेळत असे, उंची सहा फूट पाच इंच. पण त्याचा हात खांद्याच्या बाजूने फिरत असल्यामुळे त्याचा चेंडू त्याच्या उंचीच्या मानाने बराच खालून सुटत असे, आणि तरी तो पुढे अनेक वर्षे वरच्या दर्जावर खेळला. पास अडवले जाण्याचे मोठे कारण बहुतेक वेळा उंचीपेक्षा चाहूल हे असते. बचाव फळीतल्या माणसाला शिकवलेलेच असते की क्वार्टरबॅकचा पुढचा हात चेंडूवरून सुटला की धाव थांबवायची आणि हात वर करायचे. जो मुलगा पुढचा हात लवकर सोडतो आणि ज्याच्यावर नजर लावली आहे त्याच्याकडेच टाकतो, त्याचे पास अडतात, मग तो कितीही उंच असो.

इथे मला माझ्याच एका विद्यार्थ्याचे उदाहरण सांगायचे आहे. त्याची उंची पाच फूट साडेनऊ इंच होती. मधल्या भागात, पंधरा यार्डांवर (एक यार्ड म्हणजे तीन फूट) आत वळणाऱ्या रिसीव्हरकडे टाकलेले त्याचे पास सातत्याने हातभर वरून जात. दोन आठवडे आम्ही त्याच्या कोपरावर आणि मनगटावर काम केले, फरक शून्य. मग एका संध्याकाळी मी त्याच्या मागे उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसलो आणि फक्त त्याच्या बुटांकडे पाहत राहिलो. समोरचा गार्ड (लाइनमनपैकी एक) उठून उभा राहिला की या मुलाच्या दोन्ही टाचा गवतावरून उचलल्या जात होत्या, जेमतेम दोन बोटे. पलीकडचे पाहण्यासाठी तो नकळत चवड्यांवर उभा राहत होता. पायांखालचा आधार गेला की कमरेतून येणारा जोर सुटतो, अंग वर जाते आणि अंगाबरोबर चेंडूही. आम्ही त्याला शॉटगनमध्ये, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या सेंटरपासून काही यार्ड मागे उभे राहण्याच्या रचनेत, आणखी अर्धा यार्ड मागे उभे केले, टाचा टेकलेल्या ठेवायला सांगितले आणि न दिसल्यास उजव्या पायाने सहा इंच सरकण्याची सवय लावली. महिनाभरात तोच पास छातीवर पडू लागला. प्रशिक्षकांपैकी अनेकांनी त्याच्याबद्दल ‘उंची कमी असल्यामुळे मधले जमत नाही’ असा शेरा मारला होता, आणि दिसणाऱ्या परिणामापुरता तो शेरा बरोबरही होता. पण दोष टाचांचा होता आणि तो दुरुस्त होणारा होता. तुमच्या मुलाचे मधले पास वरून जात असतील तर आधी त्याच्या टाचा पाहा.

आता हाताच्या जोराकडे येतो. या बाबतीत कॉलेजचे मैदान व्यावसायिक मैदानापेक्षा अधिक कठोर आहे, ही गोष्ट प्रेक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूटच असते, पण कॉलेजात दोन हॅशमध्ये (प्रत्येक खेळी ज्यांच्या दरम्यान सुरू होते त्या खुणांच्या ओळी) ४० फूट अंतर असते आणि व्यावसायिक खेळात जेमतेम साडेअठरा फूट. कॉलेजात चेंडू डाव्या हॅशवर असेल तर उजवी कडा १०० फुटांवर, म्हणजे तेहतीस यार्डांहून थोडी जास्त दूर राहते. रिसीव्हर बारा यार्ड धावून त्या कडेकडे वळला आणि कडेपासून तीन यार्ड आत झेल घेणार असेल, तर कागदावर हा ‘बारा यार्डांचा’ पास आहे. पण क्वार्टरबॅक खेळी सुरू होण्याच्या रेषेच्या सहा यार्ड मागे उभा असतो, त्यामुळे खोली अठरा यार्ड आणि आडवे अंतर तीस यार्ड होते. कर्णाचा हिशेब केला की चेंडूला पस्तीस यार्ड, म्हणजे १०५ फूट हवेतून जावे लागते.

हाच हिशेब थोडा पुढे नेऊ. ताशी ५५ मैल वेगाने सुटलेला चेंडू, हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर, हे अंतर १.३ सेकंदांत कापतो आणि ताशी ५० मैलांचा सुमारे १.४३ सेकंदांत. फरक सेकंदाच्या आठव्या भागाएवढा. तेवढ्यात सेकंदाला वीस फूट वेगाने झेपावणारा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) सुमारे अडीच फूट जवळ येतो. अडीच फूट म्हणजे झेल आणि इंटरसेप्शन (बचावपटूनेच पास पकडणे) यांच्यातले अंतर, म्हणून जोरदार हाताचा मोह कोणत्याही प्रशिक्षकाला होणे स्वाभाविक आहे. पण ज्या मुलाने रिसीव्हर वळण्याच्या आधीच, पाव सेकंद लवकर चेंडू सोडला, त्याने पाच फूट मिळवले. ताशी पाच मैलांच्या जोरापेक्षा पाव सेकंदाची समज दुपटीने कामाला येते. मी मुलांना हे फळ्यावर मांडून दाखवतो, कारण सोळाव्या वर्षी दंडाचा घेर वाढवण्याची ओढ फार असते आणि बचाव वाचण्याचा कंटाळा येतो.

तरीही जोराची एक खालची मर्यादा आहे आणि तिच्याखाली समज कितीही असली तरी भागत नाही. रुंद बाजूचा तो पास तुमचा मुलगा टाकूच शकत नाही हे प्रतिस्पर्ध्याला कळले की त्यांचा सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, मैदानाचा तो तुकडा मोकळा सोडतो आणि उरलेल्या भागात एक माणूस जास्त होतो. मग छोटे पासही आकसतात. वाऱ्यात आणि थंडीत ही मर्यादा आणखी वर सरकते. ओहायोत नोव्हेंबरमध्ये, ओल्या चेंडूने, मी अनेक चांगल्या मुलांचे पास शेवटच्या पाच यार्डांत डगमगताना पाहिले आहेत.

शरीर लहान म्हणून जोर कमीच असणार, असे मात्र गृहीत धरू नका. २३ नोव्हेंबर १९८४ रोजी मायामीविरुद्ध बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने अखेरच्या सहा सेकंदांत टाकलेला पास आजही दाखवला जातो. फ्लूटीची उंची पाच फूट दहा इंच. चेंडू समोरून येणाऱ्या वाऱ्यात साठ यार्डांहून जास्त गेला, त्याचा रिसीव्हर जेरार्ड फेलन बचावाच्या मागे उभा होता आणि बॉस्टन कॉलेजने सामना ४७-४५ असा जिंकला. फेलन मागे मोकळा सापडला, कारण एवढ्या लहान चणीचा माणूस चेंडू तिथवर पोहोचवू शकेल असे मायामीच्या बचावपटूंना वाटलेच नव्हते. फेकीचा जोर मागच्या पायाखालच्या जमिनीपासून सुरू होतो, नितंबांच्या वळणातून धडात चढतो आणि सगळ्यात शेवटी खांद्यात पोहोचतो. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात ‘जोर नाही’ असे कोणी म्हणाले, तर मी आधी त्याची कंबर खांद्याच्या आधी वळते का ते पाहतो. बहुतेकांची वळत नाही, आणि ती सुधारली की वेग वाढतो. जन्मजात देणगीचा वाटा आहेच. पण अकरावीत तो वाटा किती हे कोणी छातीठोकपणे सांगू नये.

इथवरचे थोडक्यात असे: उंचीमुळे दृष्टीसाठी लागणारे एक पाऊल वाचते, जोरदार हातामुळे सेकंदाचा छोटा अंश वाचतो, आणि लवकर निर्णय घेणारा मुलगा या दोन्हींपेक्षा जास्त वेळ वाचवतो. कोणाला किती वेळ लागणार हे मात्र संघाच्या पद्धतीवर ठरते.

ही पद्धत किती निर्णायक असते याची मला सर्वांत आवडती दोन उदाहरणे आहेत. फ्लोरिडाचा डॅनी वर्फेल १९९६ मध्ये कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीचा मानकरी झाला. त्याचा हात कधीच जोरदार मानला गेला नाही, पण प्रशिक्षक स्टीव्ह स्पुरियरच्या आक्रमणात चेंडू ठरलेल्या क्षणी ठरलेल्या जागी टाकायचा असे आणि ते त्याला फार सुंदर जमे. हंगामाच्या शेवटी फ्लोरिडा स्टेटने त्याला सतत पाडले आणि फ्लोरिडा २४-२१ असे हरले. जानेवारी १९९७ मध्ये शुगर बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले तेव्हा स्पुरियरने वर्फेलला सेंटरच्या मागून काढून बऱ्याचदा शॉटगनमध्ये उभे केले. तोच क्वार्टरबॅक, तोच हात. त्याला पाच यार्ड मागे जागा आणि थोडा जास्त वेळ मिळाला. फ्लोरिडा ५२-२० ने जिंकले.

दुसरे उदाहरण जो बरोचे. २०१८ मध्ये एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) त्याचे ५७.८ टक्के पास पूर्ण झाले होते. पुढच्या हंगामात ७६.३ टक्के, आणि ६० टचडाउन (गुण मिळवून देणारे) पास. एका वर्षात त्याची उंची वाढली नव्हती आणि हातही फारसा बदलला नव्हता. बदलले ते आक्रमण. पाच-पाच रिसीव्हर पसरवून त्याच्या नजरेला मैदान मोकळे करून दिले गेले, आणि त्याची समज मग अंकांत दिसू लागली.

प्रशिक्षक माइक लीच टेक्सास टेकला होता तेव्हा त्याने लाइनमनच उघडे पसरवले. दोघांमध्ये तीन फूट, कधी त्याहूनही जास्त अंतर. त्यामुळे बचावाची फळी रुंदावली आणि क्वार्टरबॅकला हव्या असलेल्या फटी आपोआप तयार झाल्या. त्याच घराण्यातले आक्रमण लिंकन रायलीने ओक्लाहोमात चालवले, आणि तिथे बेकर मेफील्ड २०१७ मध्ये आणि काइलर मरे २०१८ मध्ये हाइझमनचे मानकरी ठरले. ड्रू ब्रीजही तसाच; उंची सहा फूट, टेक्सासमधल्या शाळेतून आलेला, मोठ्या नावाच्या कॉलेजांनी फारसे विचारले नाही. पर्ड्यूला जो टिलरने त्याच्याभोवती रिसीव्हर पसरवले आणि २००० च्या हंगामानंतर तो संघ १९६७ नंतर प्रथमच रोझ बोल या मानाच्या सामन्यात खेळला.

पण तुमची शंकाही मला महत्त्वाची वाटते, कारण या यादीत एक फसवणूक दडलेली आहे. जॉनी मंझील, मेफील्ड, मरे, यंग, म्हणजे २०१२ ते २०२१ या दहा वर्षांत सहा फुटांच्या आसपासच्या किंवा त्याखालच्या चार जणांना हाइझमन मिळाली. यावरून ‘उंचीला महत्त्व नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात ठेंगण्या मुलाला चाळणी फार बारीक लागते, आणि तिच्यातून जो खाली पडतो त्याच्याकडे दुसरे काहीतरी असामान्य असतेच. मरे इतका चपळ होता की २०१८ मध्ये बेसबॉलच्या एका व्यावसायिक संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले होते. यंगची पॉकेटमधली शांतता मी फार थोड्या खेळाडूंत पाहिली. रसेल विल्सनने २०११ मध्ये विस्कॉन्सिनकडून ३३ टचडाउन पास देताना फक्त चार इंटरसेप्शन दिले, तेही सहा फूट पाच इंचांच्या आसपासच्या लाइनमनच्या मागे उभे राहून. तेव्हा तुमच्या मुलाने स्वतःची तुलना या लोकांच्या उंचीशी करण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे त्यांच्यासारखे असे काय आहे, हे त्याने पाहावे.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. जामार्कस रसेल सहा फूट सहा इंचांचा आणि अफाट हाताचा. २००७ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) पहिला निवडला गेला आणि तीन हंगामांत व्यावसायिक कारकीर्द संपली. जॉश ॲलन सहा फूट पाच इंचांचा, हात तोफेसारखा, तरी शाळेतून त्याला एकाही मोठ्या कॉलेजने घेतले नाही, आणि वायोमिंगमध्ये त्याचे सुमारे ५६ टक्केच पास पूर्ण होत. बफेलोच्या व्यावसायिक संघात २०२० मध्ये तो ६९.२ टक्क्यांवर पोहोचला. उंच, जोरदार मुलाला सुधारायला अवधी दिला जातो. ठेंगण्याला पहिल्या दिवसापासून बरोबर असावे लागते. मला हे अन्यायाचे वाटते, पण निवड करणाऱ्याची नोकरी त्या निवडीवर अवलंबून असल्यामुळे ते असेच राहणार आहे आणि तुम्ही ते धरूनच बेत आखावा.

एका गोष्टीची चर्चा उंचीच्या गोंधळात राहून जाते: वजन. यंग ड्राफ्टआधीच्या मोजणीत २०४ पौंड भरला, मरे २०७. दोघेही पाच फूट दहा इंचांचे. कॉलेजात अडीचशे-तीनशे पौंडांची माणसे अंगावर येतात, आणि १६५ पौंडांचा मुलगा तीन हंगाम टिकेल याची खात्री कोणी देणार नाही. त्याची उंची वाढवणे तुमच्या हातात नाही. पण दोन वर्षांत, नीट जेवण आणि नीट व्यायाम करून, पंचवीस पौंड चढवणे शक्य आहे. खेळाडू निवडायला कॉलेजातून आलेल्या व्यक्तीला मी आधी मुलाच्या मांड्या आणि पाठ दाखवत असे.

आता रिसीव्हर होण्याच्या सल्ल्याबद्दल. पाच फूट दहा इंचांच्या रिसीव्हरला कॉलेजात जागा असते, पण ती वेगाच्या बळावर मिळते. तुमचा मुलगा संघातल्या सर्वांत वेगवान दोन-तीन जणांपैकी असेल तर तो सल्ला विचार करण्याजोगा आहे. नसेल, तर तो जिथे चार वर्षे शिकला आहे ती जागा सोडून जिथे नवखा आहे तिथे जाईल, आणि तिथेही उंचीचा प्रश्न पाठ सोडणार नाही. माझा कल अकरावीत जागा न बदलण्याकडे आहे. आधी पुढचा हंगाम त्याला खेळू द्या.

त्याआधी दोन गोष्टी तपासा. शाळेच्या मैदानावर हॅश कडेपासून त्रेपन्न फूट चार इंचांवर असतात, म्हणजे रुंद बाजू कॉलेजपेक्षाही थोडी जास्तच रुंद. डाव्या हॅशवरून उजव्या कडेचा तो बारा यार्डांचा पास त्याला वीस वेळा टाकू द्या, रिसीव्हर वळण्याच्या आधी चेंडू सोडून. किती पास छातीच्या उंचीवर पोहोचतात हे मोजा. दुसरे, शाळेचे कोच स्नॅपनंतर (सेंटरने चेंडू मागे दिल्यानंतर) किती सेकंदांत चेंडू सुटतो हे सामन्याच्या चित्रीकरणावरून मोजून देतील. त्यांना तसे विचारा. या दोन्हींची उत्तरे चांगली आली तर शिबिरातले ते एक वाक्य फार मनावर घेऊ नका.

कॉलेज निवडताना नावापेक्षा आक्रमण पाहा. तिथे क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये उभा असतो का, त्याला पॉकेटबाहेर काढून टाकायला लावतात का, लाइनमनमध्ये अंतर किती ठेवतात, हे दोन सामने पाहिले तरी कळते. विल्सन, मेफील्ड, मरे आणि बरो हे चौघेही पहिल्या कॉलेजात थांबले नाहीत, हेही लक्षात असू द्या. पैशांचा हिशेब आधीच करून ठेवा: डिव्हिजन तीन (कॉलेज खेळातला खालचा दर्जा) आणि आयव्ही लीगमध्ये (ईशान्येकडची आठ नामांकित विद्यापीठे) खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण तिथे या उंचीच्या क्वार्टरबॅकला खेळायला मिळण्याची शक्यता जास्त असते आणि अभ्यासाच्या किंवा घरच्या परिस्थितीच्या आधारावर मदत मिळू शकते. अर्जात उंची खरी लिहा. अलाबामाच्या यादीत यंग सहा फुटांचा होता आणि मोजपट्टीखाली तो पाच फूट दहा इंच भरला. निवडणाऱ्यांना हे सगळे माहीत असते, आणि वाढवलेला इंच पाहिला की ते मुलाच्या बाकीच्या आकड्यांवरही शंका घेतात.

व्हिडिओ बाजूच्या गॅलरीतून न घेता गोलपोस्टच्या मागून, उंचावरून घ्या, म्हणजे फटी आणि त्याची पावले दोन्ही दिसतील. प्रत्येक खेळी स्नॅपच्या दोन सेकंद आधीपासून ठेवा, कारण त्याची नजर सेफ्टीकडे जाते की नाही हे तेव्हाच कळते. त्यात अडवलेले दोन-तीन पास आणि एखादे इंटरसेप्शनही राहू द्या, त्यानंतरच्या खेळीसकट. कॉलेजात असताना असा व्हिडिओ आला की मी तो शेवटपर्यंत पाहत असे आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या शाळेच्या कोचला फोन करत असे.